ल्यूसिल बॉल हिचा विनोद : अडसराचे कार्य

१

अमेरिकन विनोदी नटी ल्यूसिल बॉल (१९११-१९८९) हिच्या कलाजीवनाचा विचार करू लागताच एक प्रश्न प्रथम उभा राहतो. १९३३ पासून १९५० पर्यंत ती हॉलिवुडच्या चित्रपटांतून सतत काम करीत होती. नर्तिकांच्या ताफ्यातील निनावी मुलीपासून नायिकेपर्यंतच्या बहुतेक साऱ्या पायऱ्या तिने या काळात चढून पाहिल्या. नामवंत दिग्दर्शकांच्या हाताखाली आणि त्याहून नामवंत नटनटींच्या शेजारी ती उभी राहिली. तरीही जिला निखालस 'हिची भूमिका' म्हणावे अशी भूमिका तिच्या वाट्यास आली नाही. पुढे १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सी. बी. एस. या प्रसारणसंस्थेवरून 'आय लव्ह ल्यूसी' या दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. या मालिकेचे सहा हंगाम झाले आणि त्यांपैकी चार हंगामांत ती लोकप्रियतेच्या गणनेत पहिल्या क्रमांकावर राहिली. अठरा वर्षांत जे घडले नाही ते काही महिन्यांत घडले. याचे कारण काय?

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, हा योगायोग. नवे माध्यम जन्मास येत होते व बॉल त्या वेळी तेथे हजर होती. दुसरे, तिचा अभिनयच मूलतः लहान पडद्याचा होता. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. चित्रपटातून दूरचित्रवाणीकडे वळलेल्या नटी अनेक होत्या; त्यांतील फारच थोड्यांना असे यश लाभले. शिवाय अभिनय लहान पडद्याचा असता, तर त्याच पडद्यावरील तिच्या पुढील मालिकांत तो क्रमाने क्षीण का होत गेला, याचा उलगडा होत नाही.

या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर तिच्या विनोदाच्या घडणीत शोधावे लागते. तिचा विनोद अडसरावर जगतो. अडसर आणि अडचण यांत येथे भेद केला पाहिजे. अडचण कोणत्याही कथानकात असते व ती दूर करता येते. अडसराची लक्षणे तीन सांगता येतील : तो नित्य असतो; तो हटत नाही; आणि ज्याची वाट तो अडवितो त्या पात्रालाही त्याचा अधिकार अंशतः मान्य असतो. यांतील तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या बंधनाला पात्राची मुळीच मान्यता नाही त्याच्याशी झगडा होतो, विनोद होत नाही. जेथे हे तिन्ही लक्षणांचा अडसर बॉलला मिळाला तेथे तिची कला फुलली. जेथे तो मिळाला नाही तेथे तिच्या कौशल्याला काम उरले नाही.

२

चित्रपटांतील भूमिका या दृष्टीने तपासल्या तर त्यांत एक साम्य आढळते. 'स्टेज डोअर' (१९३७) या चित्रपटात कॅथरिन हेपबर्न व जिंजर रॉजर्स यांच्याबरोबर ती नाट्यव्यवसायात धडपडणाऱ्या मुलींपैकी एक आहे. 'डान्स, गर्ल, डान्स' (१९४०) या डॉरोथी आर्झ्नर या दिग्दर्शिकेच्या चित्रपटात ती उथळ करमणुकीच्या रंगमंचावरील यशस्वी नर्तिका आहे. 'द बिग स्ट्रीट' (१९४२) मध्ये ती अपंगत्व आल्यावरही आपला अहंकार न सोडणारी गायिका आहे. या तिन्ही भूमिका चांगल्या वठल्या आहेत. पण त्या तिन्ही स्त्रिया जगाला ओळखून असलेल्या आहेत. त्यांची जीभ तिखट आहे, त्यांना पुरुषांचे डाव आधी कळतात, त्यांना कोणी सहसा फसवू शकत नाही. मराठी टीकाकारांनी विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ व स्वभावनिष्ठ असे जे भेद मानले आहेत, त्यांपैकी येथील विनोद जवळजवळ सर्वस्वी शब्दनिष्ठ आहे. उत्तर चटकन द्यावयाचे, पाठ फिरवावयाची आणि निघून जावयाचे, एवढेच तिच्या वाट्यास येते. शहाण्या स्त्रीला अडसर कसला? तिला अडचणी येतात, आणि त्या ती पाहून घेते.

जेथे शारीरिक विनोदाला वाव होता तेथेही निराळीच गोष्ट घडली. 'रूम सर्व्हिस' (१९३८) मध्ये ती मार्क्स बंधूंच्या सहवासात आहे. पण सारा धुमाकूळ त्यांचा, तिने केवळ बाजूस उभे राहावयाचे. 'डु बॅरी वॉज अ लेडी' (१९४३) या रंगीत चित्रपटात तिचे लाल केस व पोशाख यांनाच महत्त्व आहे. 'द फुलर ब्रश गर्ल' (१९५०) मध्ये मात्र पाठलाग, पडापड, वेषांतर असे सारे काही तिला मिळाले आणि तिने ते उत्साहाने केले. तरीही हा चित्रपट मनात रेंगाळत नाही. तेथील संकटे बाहेरून आलेली आहेत. गुन्हेगार पाठीस लागले म्हणून ती पळते. ते नसते तर ती पळाली नसती. पळणे हे तिच्या स्वभावातून निघालेले नाही.

स्वभावाचा धागा तिला नभोवाणीवर सापडला. १९४८ ते १९५१ या काळात 'माय फेव्हरिट हजबंड' या श्रुतिका-मालिकेत तिने एका मध्यमवर्गीय पत्नीची भूमिका केली. हा कार्यक्रम प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर होत असे. जेस ऑपनहायमर, मॅडलिन प्यू व बॉब कॅरल हे लेखक तिला येथेच भेटले. विवाह हा नित्य व न हटणारा अडसर होऊ शकतो आणि पत्नीलाही तो अंशतः मान्य असतो, हे सूत्र प्रथम येथे तयार झाले. उणीव होती ती देहाची. श्रोत्यांना तिचा आवाज ऐकू येत होता, चेहरा दिसत नव्हता.

३

'आय लव्ह ल्यूसी'च्या निर्मितीची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. तिचा कलेशी असलेला संबंध मात्र क्वचितच स्पष्ट केला जातो. सी. बी. एस.ला नभोवाणीवरील मालिका दूरचित्रवाणीवर आणावयाची होती. बॉल हिने आपला खरा पती, क्यूबात जन्मलेला वाद्यवृंदप्रमुख देसी आर्नाझ, हाच मालिकेतही पती असावा असा आग्रह धरला. परदेशी उच्चाराचा पती प्रेक्षक स्वीकारणार नाहीत अशी संस्थेला शंका होती. म्हणून १९५० मध्ये उभयतांनी रंगमंचावर एकत्र प्रयोग करीत दौरा केला व ती शंका खोटी ठरविली.

दुसरा वाद स्थळाचा होता. त्या काळी बहुतेक महत्त्वाचे कार्यक्रम न्यूयॉर्कहून जिवंत प्रक्षेपित होत आणि इतर भागांत पडद्यावरून टिपलेली त्यांची निकृष्ट नक्कल दाखविली जाई. बॉल-आर्नाझ दांपत्याला कॅलिफोर्निया सोडावयाची नव्हती. त्यांनी प्रत्येक भाग पस्तीस मिलिमीटर फितीवर, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, प्रेक्षकांसमोर चित्रित करावयाचे ठरविले. या पद्धतीतील काही घटक पूर्वीही वापरले गेले होते; पण त्यांचा असा पद्धतशीर मेळ येथे बसला व तो पुढे या प्रकारच्या मालिकांचा आदर्श ठरला. छायालेखनासाठी कार्ल फ्रॉइंड याला बोलावण्यात आले. जर्मनीत मुर्नाउचा 'द लास्ट लाफ' (१९२४) व फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) यांचे छायालेखन करणाऱ्या या कलावंताने छायाप्रकाशाचे आपले सारे प्रसिद्ध खेळ बाजूस ठेवले आणि संपूर्ण नेपथ्यावर सारखा प्रकाश पडेल अशी योजना केली. नटीला कोठेही वळता यावे, कोणत्याही कॅमेऱ्याने तिला टिपावे, हा त्यामागील हेतू.

या योजनेचा परिणाम अभिनयावर झाला. चित्रपटात एखादा विनोदी प्रसंग तुकड्यांनी घेतला जातो. पडणे एका तुकड्यात, उठणे दुसऱ्यात. येथे प्रसंग सलग चाले. आठवडाभर तालमी होत. मॅडलिन प्यू काही अवघड क्लृप्त्या आधी स्वतः करून पाहत असे. नंतर प्रेक्षकांच्या हशाशी ताल जुळवीत बॉल तो प्रसंग सलग पार पाडी. वस्तूंचा विरोध खरा होता, काळ खरा होता, हसणारी माणसे खरी होती. चित्रपटाने तिला कधी न दिलेले बंधन या पद्धतीने दिले.

४

मालिकेचे सूत्र साधे आहे. ल्यूसी रिकार्डो ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी गृहिणी. तिचा पती रिकी रात्रिगृहात गायक व वाद्यवृंदप्रमुख आहे. तिला रंगमंचावर जावयाचे आहे. तिने घरी राहावे अशी त्याची इच्छा. शेजारचे वयस्क दांपत्य, एथेल व फ्रेड मर्ट्झ, या झगड्यात वाटेकरी होते. व्हिव्हियन व्हॅन्स हिने एथेलची भूमिका केली. ल्यूसीच्या बेताला आधी नकार, मग कुतूहल, मग शरणागती, या पायऱ्या ती इतक्या अचूक दाखविते की तिच्यावाचून ल्यूसीचा वेडेपणा निराधार वाटला असता.

५ मे १९५२ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात ल्यूसी आपल्या पतीच्या कार्यक्रमात एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात करण्याची संधी डाव रचून मिळविते. औषधात मद्यार्क तेवीस टक्के आहे, हे तिला ठाऊक नाही. तालमीत तिला पुन्हापुन्हा एक चमचा औषध घ्यावे लागते. पहिल्या चमच्याला तिचे तोंड वेडेवाकडे होते व दुसऱ्याच क्षणी ती ते हास्याने झाकते. हळूहळू तोंड वाकडे होणे थांबते, औषध गोड लागू लागते, आणि औषधाचे लांबलचक नाव जिभेवर घरंगळू लागते. या प्रसंगाची खुबी मद्यपानात नाही. झिंगलेल्या माणसाचे सोंग अनेकांनी केले आहे. येथे झिंगत चाललेली स्त्री आपले काम चोख बजावण्याचा प्रयत्न क्षणभरही सोडीत नाही. दिग्दर्शकाचा तालीम घेण्याचा अधिकार तिला मान्य आहे. ती अधिकाधिक आज्ञाधारक होत जाते आणि आज्ञापालनानेच तिचा घात होतो.

१५ सप्टेंबर १९५२ च्या भागात हेच तत्त्व अधिक विस्ताराने दिसते. पैशांवरून वाद होऊन पती घर सांभाळतात व ल्यूसी-एथेल चॉकलेटच्या कारखान्यात नोकरी धरतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळावयाचे. एकही न गुंडाळता पुढे गेले तर नोकरी जाईल, अशी ताकीद मिळते. पट्ट्याचा वेग वाढताच त्या चॉकलेटे तोंडात, टोपीत, पोशाखात कोंबू लागतात. देखरेख करणारी बाई परत येते, पट्टा मोकळा पाहते आणि समाधानाने वेग वाढविण्याचा हुकूम सोडते. आपले अपयश लपविण्यात त्या यशस्वी होतात व त्या यशाची शिक्षा म्हणून अडसर दुप्पट होतो. चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मधील पट्ट्याशी या प्रसंगाची तुलना साहजिकच सुचते. सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हास्य उत्पन्न होते, हा बर्गसाँचा १९०० मधील सिद्धांत चॅप्लिनच्या प्रसंगास नेमका लागू पडतो. तो कामगार स्वतःच यंत्र बनतो. ल्यूसी यंत्र बनत नाही. ती शेवटपर्यंत युक्त्या शोधणारी, घाबरलेली, गाल फुगलेली स्त्रीच राहते. बर्गसाँचे सूत्र येथे उलटे वाचावे लागते : सजीवता यंत्राच्या चौकटीत मावत नाही, म्हणून हसू येते.

भागाचा शेवटही सूचक आहे. घरकामात फजीत झालेले पती हार मानतात, पत्नी नोकरी गमावून परततात, आणि पती त्यांना भेट म्हणून चॉकलेटे देतात.

५

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करावा लागतो. प्रत्येक भागाच्या अंती ल्यूसी घरी परतते. काही भागांत तर रिकी तिला खोडकर मुलीप्रमाणे आडवी धरून चापट्या मारतो, आणि प्रेक्षक हसतात. महायुद्धात कारखान्यांत व कचेऱ्यांत काम केलेल्या स्त्रियांना पुन्हा स्वयंपाकघराकडे वळविणाऱ्या दशकाची ही मालिका आहे. त्या काळचे संकोच किती होते याचे एक प्रमाण पुरेसे आहे. १९५२ मध्ये बॉल खरोखरच गरोदर राहिली व ती घटना कथानकात घेण्याचे धाडस झाले, तेव्हा गरोदरपणाचा रूढ इंग्रजी शब्द संवादांत येऊ दिला गेला नाही आणि संहिता तीन धर्मपंथांच्या पुरोहितांकडून तपासून घेण्यात आल्या. १९ जानेवारी १९५३ रोजी प्रक्षेपित झालेला बाळाच्या जन्माचा भाग चार कोटींहून अधिक लोकांनी पाहिला असे मानले जाते. अशा मालिकेतील विनोद म्हणजे स्त्रीला तिच्या जागी बसविण्याचे गोड साधन, असे कोणी म्हटले तर त्यास काय उत्तर आहे?

पॅट्रिशिया मेलेनकँप या अभ्यासिकेने १९८६ मध्ये या प्रश्नाची महत्त्वाची मांडणी केली. कथानकात ल्यूसी हरते, परंतु प्रयोगात ती जिंकते, हा तिच्या विवेचनाचा आशय. रंगमंचावर जाण्याची ल्यूसीची इच्छा गोष्टीत अपुरी राहते. पण ती अपुरी राहत असताना प्रेक्षकांनी पाहिलेला असतो तो एका असामान्य नटीचा रंगप्रयोगच. हे विवेचन मोलाचे आहे. पण त्याने आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. जिंकते ती ल्यूसिल बॉल. ल्यूसी रिकार्डो हरलेलीच राहते, आणि घरी बसून पाहणाऱ्या गृहिणीची स्थिती नटीपेक्षा पात्राच्या अधिक जवळची होती.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायाची आठवण व्हावी. हास्यरस स्त्रियांच्या व नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठिकाणी विशेषेकरून आढळतो, असे तेथे म्हटले आहे. ही वर्गवारी अधिकाराची आहे. ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांच्याकडे हास्य सोपविलेले आहे. मात्र संस्कृत नाटकातील विदूषकाला आपल्या स्थानापलीकडे जाण्याची आकांक्षा नसते. ल्यूसीला ती आहे. ती हसवू इच्छीत नाही. तिला नायिका व्हावयाचे आहे, आणि विनोदी प्रसंगी ती स्वतः हसण्यापेक्षा भोकाड पसरून रडतेच अधिक.

तेव्हा या विनोदाला बंड म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला शरणागती म्हणणेही चूक. ज्या अन्यायाला तो प्रश्न विचारीत नाही त्याच अन्यायातून तो आपली शक्ती घेतो. हा त्याचा दोष आहे व हीच त्याची सत्यता आहे. विवाहाचा अडसर ल्यूसीला अंशतः मान्य आहे. म्हणून ती तो मोडीत नाही. तिची मान्यता अंशतःच आहे; म्हणून पुढच्या सोमवारी ती पुन्हा प्रयत्न करते. १९५१ ते १९५७ पर्यंतच्या १८० भागांत तिची आकांक्षा एकदाही विझत नाही, ही गोष्ट कोणत्याही एका भागाच्या शेवटापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. चित्रपटाला शेवट असतो व तो शेवट पात्राचा निकाल लावतो. मालिकेत निकाल लागत नाही. ल्यूसीचे पात्र चित्रपटात घडू शकले नाही याचे एक कारण हे आहे.

६

या उपपत्तीची खरी कसोटी पुढील काळात लागते. बॉल-आर्नाझ यांच्या देसिलू या निर्मितिसंस्थेने १९५७ च्या अखेरीस आर. के. ओ.ची चित्रपटगृहे नव्हे, तर चित्रणशाळाच विकत घेतल्या. त्याच संस्थेत बॉल हिने एके काळी करारावर काम केले होते. १९६० मध्ये उभयतांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये तिने आर्नाझचा हिस्सा विकत घेतला आणि देसिलूचे अध्यक्षपद स्वीकारले. अमेरिकेतील मोठ्या दूरचित्रवाणी निर्मितिसंस्थेचे प्रमुखपद भूषविणारी ती पहिली स्त्री मानली जाते. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' व 'मिशन : इम्पॉसिबल' या मालिका याच संस्थेच्या. १९६७ मध्ये तिने संस्था विकली.

'द ल्यूसी शो' (१९६२-६८) या मालिकेत ती विधवा आहे. व्हिव्हियन व्हॅन्स घटस्फोटित मैत्रिणीच्या भूमिकेत सोबत होती, तोवर जुन्या कलेची चमक अनेकदा दिसते. दोघी घरात स्वतः स्नानाचा कक्ष बसवितात व आत पाणी चढत जाते, तो १९६३ मधील प्रसंग 'आय लव्ह ल्यूसी'तील उत्तम प्रसंगांच्या पंक्तीत बसेल. पण १९६५ मध्ये व्हॅन्स हिने मालिकेतील नियमित काम सोडले. अडसराचे काम आता गेल गॉर्डन याने रंगविलेल्या मूनी या बँकेच्या अधिकाऱ्याकडे राहिले. तो ओरडतो, पैसे अडवितो. ल्यूसी त्याला चुकविते. अडसराची पहिली दोन लक्षणे येथे आहेत, तिसरे नाही. मूनीचा अधिकार ल्यूसीला मनातून मुळीच मान्य नाही. त्याच्यावर तिचे प्रेमही नाही. परिणामी तिचा खटाटोप हा केवळ खटाटोप राहतो. १९६७ व १९६८ या दोन्ही वर्षी तिला एमी पारितोषिके मिळाली आणि कसब टिकून होते यात शंका नाही. पण कसबाला टक्कर देणारे काही समोर नव्हते. 'हिअर्स ल्यूसी' (१९६८-७४) मध्ये ही उणीव अधिकच जाणवते.

यावरून मालकी हाती आल्याने कला ढासळली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. याच काळातील 'द फॅक्ट्स ऑफ लाइफ' (१९६०) हा चित्रपट त्याविरुद्ध साक्ष देतो. निरनिराळ्या घरी विवाहित असलेली दोन मध्यमवयीन माणसे प्रेमात पडतात आणि त्यांचे प्रेमप्रकरण पाऊस, मोटारीचे छप्पर व स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांपायी फसते. बॉब होपबरोबरच्या या भूमिकेत अडसर तिन्ही लक्षणांनी युक्त आहे, आणि तिचा अभिनय संयत, हसवणारा व किंचित उदास आहे. म्हणजे माध्यम लहान की मोठे, नटी पगारी की मालक, हे प्रश्न गौण ठरतात.

शेवटच्या पर्वात सर्वांत मोठा अडसर आपण होऊन तिच्यापुढे आला. तो वार्धक्याचा. तो नित्य आहे, तो हटत नाही, आणि ज्याला तो अडवितो त्यालाही तो मान्य करावाच लागतो. या अडसरातून निराळ्या जातीचा विनोद निर्माण होऊ शकला असता. तसे झाले नाही. 'मेम' (१९७४) या संगीतप्रधान चित्रपटात कॅमेऱ्यापुढे धूसर भिंगे लावून तिचे वय झाकण्यात आले. 'स्टोन पिलो' (१९८५) या दूरचित्रवाणीपटात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहणाऱ्या निराधार वृद्धेची भूमिका तिने केली. तेथे वय उघड आहे, पण विनोदाला स्थान थोडे. १९८६ मध्ये 'लाइफ विथ ल्यूसी' आली. पंचाहत्तर वर्षांच्या आजीने पूर्वीप्रमाणेच धडपडावे, आदळावे, वस्तूंशी झुंजावे, अशी तिची योजना होती. तेरा भाग तयार झाले. आठ प्रक्षेपित होऊन मालिका बंद पडली. चाळिशीतील स्त्री पडते तेव्हा प्रेक्षक हसतो, कारण ती उठणार हे त्याला ठाऊक असते. पंचाहत्तरीतील स्त्री पडते तेव्हा त्याला काळजी वाटते. लेखकांनी ती काळजी नाही असे गृहीत धरले. वय हेच विनोदाचे द्रव्य करण्याऐवजी ते विसरावे अशी अपेक्षा प्रेक्षकांकडून करण्यात आली, आणि प्रेक्षकांना ते जमले नाही.

७

ल्यूसिल बॉल हिच्या कलाजीवनाचा आलेख आरंभीची उपेक्षा, मध्यंतरीचा उत्कर्ष व शेवटची उतरण असा सामान्यतः काढला जातो. वरील विवेचनाच्या प्रकाशात तो निराळा वाचता येतो. तिचे सामर्थ्य १९३७ मध्ये होते तसेच बरेचसे १९६८ मध्येही होते. बदलत गेला तो समोरचा प्रतिबंध. विनोदी नटनटींचे मूल्यमापन करताना त्यांच्या अंगचे गुण मोजण्याची प्रथा आहे : चेहरा किती लवचिक, वेळेचे भान किती अचूक, आवाजावर ताबा किती. हे गुण आवश्यक आहेत, पण ते एकटे काही सांगत नाहीत. ते गुण कशावर आदळले, आणि ज्यावर आदळले त्याला त्या पात्राने किती मान दिला, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न विचारला की 'आय लव्ह ल्यूसी'च्या यशाचे मोलही नीट ठरते. त्या मालिकेने स्त्रीला घराबाहेर काढले नाही. घराच्या भिंतीची जाडी मात्र तिने आठवड्यागणिक डोके आपटून दाखवून दिली. आणि ती भिंत आहे हे मान्य करूनही तिच्यावर आदळत राहणाऱ्या स्त्रीला पाहून जे हसू आले त्यात उपहासापेक्षा ओळख अधिक होती.